अँटवर्पचे दोन धावपटू: जपानचे सोळावे कानाकुरी आणि आपल्या बेळगावचे एकोणिसावे चौगुले

येळ्ळूरकर

२२ ऑगस्ट १९२०, बेल्जियममधलं अँटवर्प. पावसाळी हवेत ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. सोळावा आला जपानचा शिझो कानाकुरी, २ तास ४८ मिनिटं ४५ सेकंदांत. त्याच्यानंतर दोन मिनिटांनी, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांना, एकोणिसावा माणूस आत आला. तो बेळगावचा होता. फडेप्पा दरेप्पा चौगुले.

आमच्याकडं राजहंसगडाच्या रस्त्याला पहाटे भरतीची पोरं पळतात. त्यांना केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे माहीत आहे, त्याच्या बुटांची किंमत माहीत आहे. चौगुलेंचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. मला शाळेत खाशाबा जाधव भेटले आणि ते भेटायलाच हवेत. चौगुले मात्र शाळा सुटून कितीतरी वर्षं झाल्यावर भेटले.

हा धागा दोघांसाठी काढतोय, पण आधी कानाकुरींची हकिकत सांगतो. ती कळली की आपण काय गमावलंय ते कळतं.

कानाकुरी १८९१ चे, क्युशू बेटावरच्या कुमामोतो भागातले. खेड्यातलं पोर, शाळा लांब, पळत जायचं. पुढं टोकियोला शिकायला गेले. तिथं कॉलेजचे प्रमुख होते जिगोरो कानो, ज्यांनी ज्युदो उभं केलं. १९११ मध्ये हानेदाला ऑलिंपिकसाठी निवडशर्यत झाली, ती कानाकुरींनी मारली. वय वीस. जपान पहिल्यांदाच ऑलिंपिकला निघाला होता आणि त्यांचे खेळाडू दोनच, एक कानाकुरी आणि एक मिशिमा. आधी बोट, मग सैबेरियातून रेल्वे, असा अठरा दिवसांचा प्रवास करून दोघं स्टॉकहोमला पोचले. पायात काय, तर ताबी. अंगठ्याला वेगळा कप्पा असलेलं जाड कापडी पायताण.

१४ जुलै १९१२ चा दिवस भयंकर उन्हाचा. तीस अंशांच्या वर पारा. पोर्तुगालचा लाझारो त्या शर्यतीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. कानाकुरीही वाटेत कोसळले. जवळच्या एका कुटुंबानं त्यांना आत घेतलं, सरबत पाजलं, निजवलं. तिथून ते अधिकाऱ्यांना न कळवता निघून गेले आणि स्वीडनच्या लेखी हा धावपटू बेपत्ता झाला.

१९१६ चं बर्लिन ऑलिंपिक महायुद्धानं खाल्लं. पंचविशीतली, ऐन भरातली वर्षं. त्याबद्दल फार हळहळ वाटते मला. १९२० ला अँटवर्पमध्ये सोळावे, १९२४ ला पॅरिसमध्ये शर्यत अर्धवट. ऑलिंपिकचं पदक एकही नाही. १९६७ मध्ये स्वीडननं त्यांना सन्मानानं बोलावलं आणि पंच्याहत्तरीतल्या या माणसानं स्टॉकहोमच्या स्टेडियममध्ये अंतिम रेषा ओलांडली. वेळ जाहीर झाली ती अशी: ५४ वर्षं ८ महिने ६ दिवस ५ तास ३२ मिनिटं २०.३ सेकंद.

जगाला एवढंच आठवतं. जपानला त्याहून मोठं काहीतरी आठवतं. आपण एकटे पळून भागणार नाही, मागं पळणारी पोरं हवीत, हे कानाकुरींनी स्टॉकहोमहून परतल्यावर ओळखलं. १९१७ मध्ये क्योतो ते टोकियो अशी सुमारे पाचशे किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली, तिच्यात टोकियोच्या संघाकडून शेवटचा टप्पा ते पळाले. फेब्रुवारी १९२० मध्ये चार कॉलेजांची टोकियो–हाकोने शर्यत सुरू झाली, तिच्या उभारणीतही ते होते. आज ती २ आणि ३ जानेवारीला होते. एका संघात दहा धावपटू, दोन दिवस, सुमारे २१७ किलोमीटर. खांद्यावरून आडवा घातलेला कापडी पट्टा, तासुकी, एकानं दुसऱ्याला द्यायचा. सगळा देश नवीन वर्षात टीव्हीसमोर ते बघत बसतो. सगळ्यात सरस पळणाऱ्याला मिळणाऱ्या करंडकाला कानाकुरींचं नाव आहे.

सोळाव्याच्या नावानं जपान शंभर वर्षं पळतोय. आपला एकोणिसावा दोनच मिनिटं मागं होता. आपण त्याच्यासाठी काय करू शकतो ते बोलूया.

टिळकवाडी_तिसरं_गेट

फार चांगला विषय काढलात. चौगुले अँटवर्पला पोचले कसे, त्यात थोडी भर घालतो.

पुण्याचं डेक्कन जिमखाना १९०६ चं. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या शर्यती त्यांनी पाहिल्या. पळणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, अनवाणी. सराव म्हणावा असा सराव नाही, गुरू नाही, आणि तरी वेळा बघितल्या तर त्या काळच्या युरोपातल्या वेळांच्या जवळ जाणाऱ्या. टाटांच्या मनात तिथंच आलं की यांना ऑलिंपिकला पाठवायचं. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांनी साथ दिली. खर्चाचा मोठा भाग टाटांनी स्वतः उचलला. भारताचा म्हणून पहिला संघ गेला तो असा. चार धावपटू: चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी. दोन पैलवान: कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे. सगळे बोटीनं इंग्लंडला गेले, तिथं काही आठवडे सराव केला आणि मग अँटवर्पला. दातारही मॅरेथॉनला उभे होते, त्यांची शर्यत पुरी झाली नाही.

इंडियन ऑलिंपिक असोसिएशन झाली १९२७ ला. म्हणजे चौगुले पळाले तेव्हा देशात ऑलिंपिकची संघटनासुद्धा धड नव्हती.

तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलो. मला वाटतं चौगुलेंची आठवण त्याच फटीत पडली. तिकडच्यांना ते इकडचे वाटले, इकडच्यांना ते तिकडचे.

अनगोळकर

विषयाबद्दल आदर ठेवून एक विचारतो. एकोणिसावा नंबर म्हणजे एवढं काय? त्याच संघातले रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं. मग खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं. लोक पदक लक्षात ठेवतात, तो जगाचा नियमच आहे. आणि आपल्या भागात कुस्तीला तालीम आहे, आखाडा आहे, जत्रेतलं मैदान आहे. पळण्याला तसं काही आहे का? नसेल तर नाव टिकणार कशावर?

माजी_जवान

अनगोळकर, नंबर बाजूला ठेवा आणि वेळेकडं बघा. मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला ट्रेनिंग घेतलेला माणूस, पुढं युनिटमध्ये क्रॉस कंट्री पळालो, त्यामुळं ही वेळ मला पायात कळते.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता, ऑलिंपिकच्या इतिहासातला सगळ्यात लांब. साडेपाचशे मीटर जास्त. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांना ४२.७५ नं भागा, किलोमीटरला चार मिनिटं येतात. त्याच गतीनं आजच्या अंतरावर ही वेळ २ तास ४८ मिनिटांच्या आसपास होते.

आता पोरांच्या भाषेत सांगतो. भरतीला सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की पूर्ण ६० मार्क. चौगुले प्रत्येक सोळाशेला सुमारे ६ मिनिटं २४ सेकंद घेत होते. पोरगं म्हणेल, हे तर सोपं. होय की, एकदा सोपं आहे. पण लागोपाठ सव्वीस वेळा मारायचं, वर आणखी एक किलोमीटरहून थोडं जास्त बाकी. तीस किलोमीटरच्या पुढं अंगातली साखर संपत येते, मांड्या दगड होतात, डोकं थांब म्हणतं. तिथून पुढचे बारा-साडेबारा किलोमीटर ज्याला शास्त्रोक्त तयारी नाही, खाण्यापिण्याचं गणित कुणी सांगितलेलं नाही, त्यानं पुरे करणं ही किती मोठी गोष्ट आहे ते पळून बघितलेल्यालाच कळेल.

आणि पुढं कोण होतं बघा. जिंकले फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन, २:३२:३५. स्टॉकहोमला ५ हजार आणि १० हजार मीटर दोन्हींत सुवर्ण घेतलेला माणूस. एस्टोनियाचा लॉसमान फक्त तेरा सेकंदांनी मागं. दक्षिण आफ्रिकेचा गिट्सहॅम, १९१२ चा रौप्यविजेता, वाटेतच बाहेर पडला. अशा शर्यतीत बेळगावचा गडी शेवटपर्यंत टिकला. मी उभा राहून सलाम करतो.

अथणीचा_विद्यार्थी

सर, एक प्रश्न. अनवाणी पळणं चांगलं की वाईट? आमच्याकडं काही पोरं म्हणतात जुनी माणसं अनवाणी पळायची म्हणून दमदार होती. मी डांबरी रस्त्यावर अनवाणी पळूलालोय, टाचा दुखूलालेत.

माजी_जवान

बाळा, आज डांबरीवर अनवाणी पळणं थांबव. पाय बरे होऊ देत.

अनवाणी म्हटलं की सगळे अबेबे बिकिलाचं नाव घेतात. इथिओपियाच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलातला जवान. रोम १९६०, अनवाणी, २:१५:१६, सुवर्ण. पण तो लहानपणापासून तसाच पळालेला, सरावही अनवाणी केलेला आणि तिथं मिळालेले बूट पायाला बसेनात म्हणून त्यानं ते घातले नाहीत. तोच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून पळाला आणि २:१२:११ मध्ये आला, तीन मिनिटांनी जलद. तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दीड महिनासुद्धा झाला नसताना.

आपल्याकडं शिवनाथ सिंग. बिहारच्या बक्सरकडचे, आमच्या लष्करातले. तळव्यांना नुसती चिकटपट्टी लावून पळायचे. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये बराच वेळ पुढच्या घोळक्यात होते, अकरावे आले. १९७८ ला जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो पुढं दशकानुदशकं कुणाला मोडता आला नाही. त्यांचे पाय तसे घडलेले होते. तुझे तसे घडलेले नाहीत. मातीवर, गवतावर दहा-पंधरा मिनिटं अनवाणी चाल-पळ कर, तळवे मजबूत होतात. लांबचं पळणं बुटातच. बूट महागडे नकोत, टाचेखाली झिजले की बदल, एवढं पाळ.

निपाणीच्या_मॅडम

मी शाळेत खेळ शिकवते. कानाकुरींबद्दल येळ्ळूरकर दादांनी एक सांगायचं ठेवलं, ते मी सांगते. मुलींनी पळावं, खेळावं म्हणून जपानमध्ये पुढाकार घेणाऱ्यांत ते होते. १९२० च्या दशकात ही साधी गोष्ट नव्हती. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉनच मुळी १९८४ ला आली, लॉस एंजेलिसला, आणि अमेरिकेच्या जोन बेनॉइटनं ती २:२४:५२ मध्ये जिंकली. त्याआधी कितीतरी वर्षं बाईला एवढं अंतर झेपत नाही असंच मानत होते.

आमच्या मुलींना मी ललिता बाबरचं उदाहरण देते. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, दुष्काळी गावची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली, मग २०१६ ला रिओत ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत. माण काही निपाणीपासून फार लांब नाही. मुलींना लगेच पटतं.

गेल्या थंडीत आम्ही मैदानावर टप्प्यांची शर्यत घेतली. एकमेकींना द्यायची काठी, बॅटन, नव्हतं. जुन्या सुती ओढणीची लांब पट्टी कापली, दोन टोकं शिवली आणि तीच खांद्यावरून आडवी घालायची असं ठरवलं. एरवी शेवटच्या फेरीत चालायला लागणारी एक मुलगी आहे. त्या दिवशी ती चालली नाही. शेवटच्या वळणावरच तिनं पट्टी डोक्यावरून काढली, मुठीला गुंडाळली आणि हात पुढं करून पळत राहिली, कारण पलीकडं मैत्रीण हात पसरून उभी होती. पट्टी घामानं चिंब. घेणाऱ्या मुलीनं ती तशीच गळ्यात घातली. मला वाटतं हाकोनेची शर्यत लोक का बघतात ते मला त्या दिवशी कळलं. एकटी पळणारी थांबू शकते. जिची कुणीतरी वाट बघतंय ती थांबत नाही.

म्हणून अनगोळकर दादा, तुम्ही विचारलं नाव टिकणार कशावर. यावर टिकेल.

अनगोळकर

मॅडम, हे पटलं. माझा मुद्दा तोच होता की नावाला आखाडा हवा. मग सरळ विचारतो. चौगुलेंच्या नावाचा चौक करायचा, पुतळा करायचा, की शर्यत? चौकासाठी खटपट करायला माझी तयारी आहे.

येळ्ळूरकर

शर्यत. चौक झाला तर आनंदच आहे, पण पाटी वाचून कुणी पळायला लागत नाही. माझ्या डोक्यात एकच आहे: खानापूर ते बेळगाव टप्प्यांची शर्यत. साधारण २६ किलोमीटर. गावोगावचे संघ, कॉलेजांचे नव्हे. येळ्ळूर, देसूर, किणये, उचगाव, कडोली, कंग्राळी, प्रत्येकाचा आपला संघ आणि आपल्या रंगाचा पट्टा. माझ्या मनात जानेवारी आहे, थंडीत पोरं चांगली पळतात.

जांबोटीकर

जानेवारी नको. मी रोज त्या रस्त्याला असतो. ऊस हंगामात पहाटेपासून ट्रॅक्टर सुरू होतात, दोन-दोन ट्रेलर मागं, पाठीमागं दिवा नाही, उसाच्या शेंड्यांचे, वाड्याचे तुकडे रस्त्यावर सांडलेले. त्यात पोरं सोडायची म्हणजे जिवाशी खेळ. त्याच दिवसांत सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्यांचीही वर्दळ असते. दुसरं, खानापूर–बेळगाव मोठा रस्ता आता चार पदरी, गणेबैलला टोलनाका, गाड्या सुसाट. तिथं परवानगीही अवघड आणि मजाही नाही.

आतल्या रस्त्यानं घ्या. गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, राजहंसगड, येळ्ळूर असं येऊन वडगावला शहरात शिरा. चढ-उतार आहेत, सावली आहे, प्रत्येक गावात देवळासमोर पट्टा बदलायला जागा आहे. लोक दारात उभे राहून बघतील.

टिळकवाडी_तिसरं_गेट

मग ऑगस्ट घ्या ना. २२ ऑगस्टच्या जवळचा रविवार. ज्या दिवशी ते पळाले त्याच आठवड्यात. अँटवर्पलाही पावसाळी हवाच होती.

माजी_जवान

ऑगस्टला माझं अनुमोदन. गार हवेत लांबचं पळणं सोपं जातं, कानाकुरींना स्टॉकहोमच्या उन्हानं काय केलं ते वर आलंच आहे. फक्त ओल्या उतारावर पाय सरकतो, तेव्हा गडाच्या उताराचा टप्पा जाणत्या पोरांना द्या. पाण्याची सोय प्रत्येक टप्प्याला. पाऊस आहे म्हणून तहान लागत नाही असं समजू नका.

जांबोटीकर

ऑगस्ट चालेल. तोवर भाताची लावणी उरकलेली असते, पोरं मोकळी असतात. गणपती कधी भाद्रपदात लवकर येतो, तेवढं पंचांग बघून रविवार ठरवा, नाहीतर सगळी पोरं मंडपात. आमच्या पश्चिमेला पाऊस धो-धो असतो, पण गर्लगुंजीच्या पुढं कमी होत जातो. सुरुवात गर्लगुंजीतूनच करा, खानापूर शहर सोडा. अंतर थोडं कमी होईल, हरकत नाही.

अथणीचा_विद्यार्थी

आमच्या हॉस्टेलचा संघ चालेल का? आम्ही गावचे नाही. चौघं मराठी, तिघं कन्नड, एक उर्दू शाळेतला. सगळे एकत्रच पळतो.

येळ्ळूरकर

चालेल म्हणजे काय, यायलाच पाहिजे. चौगुले दोन्हीकडच्यांचे आहेत. माहितीचं पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत काढू. कन्नड मजकूर तुम्ही पोरांनी बघा.

आत्तापर्यंतचं असं: ऑगस्ट, २२ तारखेजवळचा रविवार, गर्लगुंजी ते वडगाव, गावांचे आणि हॉस्टेलचे संघ, कापडी पट्टा. रस्ता मी आणि जांबोटीकर सायकलवरून मोजून येतो. टप्पे किती आणि संघ केवढा, ते मॅडमनी सांगावं.

निपाणीच्या_मॅडम

टप्पे लहान ठेवा. तीन-साडेतीन किलोमीटरच्या वर एकही नको, म्हणजे नवीन मुलं-मुली उतरतील. संघात निम्म्या मुली सक्तीच्या, आणि एक मुलगा एक मुलगी असा क्रम, नाहीतर मुलींना सपाटीचा टप्पा देऊन बाजूला ठेवतात. मागं पडलेल्या संघाचं काय करायचं ते आधीच ठरवा. हाकोनेत ठराविक वेळ उलटली की पुढचा धावपटू आधीच्याचा पट्टा न घेताच सुटतो. आपण पहिल्या वर्षी तसं करू नये. शेवटचा पट्टा पोचेपर्यंत पुढची मुलगी उभी राहील, आम्ही शिक्षक तिच्यासोबत थांबू. पट्ट्यांचं कापड निपाणीहून मी आणते. प्रत्येक गावानं आपला रंग इथंच लिहा, दोघांचा एकच नको. आमचा हिरवा.

जांबोटीकर

आमचा भगवा. कापड थोडं जाड घ्या मॅडम, पावसात भिजून पिळा पडतो.